पुण्यात शिकायला येताना राहण्याची सोय कशी करावी

पुण्यात शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या घरी आधी प्रवेशाची धावपळ होते आणि राहण्याचा विचार प्रवेश पक्का झाल्यावर, हातात जेमतेम आठवडा उरला असताना सुरू होतो. तोवर सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या कॉट, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरत्या भाड्याने मिळणाऱ्या जागा, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी भरून गेलेल्या असतात, महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील मोजक्या जागांची यादी लागून गेलेली असते, आणि ज्या जुन्या वाड्यांत एकेकाळी स्वस्तात खोली मिळे, त्यांपैकी अनेक पाडून तिथे महागड्या सदनिका उभ्या राहिल्या आहेत. म्हणून जागेचा शोध प्रवेश अर्ज भरतानाच सुरू करावा, आणि दलालाकडे जाण्याआधी वसतिगृहांचे सर्व दरवाजे ठोठावून पाहावेत.

महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा अर्ज अनेकदा स्वतंत्र असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते, हे कार्यालयात विचारून घ्यावे. सामाजिक न्याय विभागाच्या आणि आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहांत निवास व भोजनाची सोय विनामूल्य होते. पात्र असूनही केवळ माहिती नसल्यामुळे तिथे अर्ज न करणारी मुले आजही भेटतात, याचे वाईट वाटते. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहे ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठीच आहेत आणि तिथे निवड करताना घरची आर्थिक परिस्थिती पाहिली जाते. विविध समाजांच्या विश्वस्त संस्थाही वसतिगृहे चालवतात. त्यांची चौकशी गावाकडच्या ओळखीतून लवकर होते.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तरी अर्ज केल्याची पोच जपून ठेवावी, कारण बाहेर राहण्याच्या खर्चासाठी पैसे देणाऱ्या पुढच्या काही योजनांसाठी ती लागू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तींच्या पोर्टलवर पाहावे. स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले होते, आणि त्यांतला निवासाचा वाटा 20,000, म्हणजे महिन्याला सुमारे 1,667 रुपये होता. एवढ्या पैशांत पेठेत कॉट मिळणे दुरापास्त आहे. शिवाय रक्कम बऱ्याचदा उशिरा जमा होते, त्यामुळे पहिल्या सत्राचे भाडे आणि डिपॉझिट घरूनच उभे करावे लागेल असे धरून चालावे.

कॉट बेसिसवर जागा घ्यायची झाल्यास ती फोटोंवरून ठरवू नये. दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी कॉट मांडल्या की मधून एकाच माणसाला जाता येते, आणि अभ्यासाला टेबल ठेवायला जागाच उरत नाही. मग अभ्यासिकेची फी वेगळी भरावी लागते. मेस, अभ्यासिका, बसचा पास आणि विजेचे बिल हे सगळे भाड्यात मिळवून मगच दोन जागांची तुलना करावी. जागा संध्याकाळी पाहावी, नळाला पाणी किती वाजता येते ते आणि किती जणांत एक संडास आहे ते तिथे राहणाऱ्या मुलांनाच विचारावे, कारण मालकाचे उत्तर आणि त्यांचे उत्तर सहसा जुळत नाही. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ भरण्याआधी दोन-चार दिवस तिथे जेवून पाहावे. सप्टेंबर 2024 पासून पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत मेट्रो धावते, त्यामुळे पेठांचा हट्ट सोडून त्या मार्गावरच्या जागाही अवश्य पाहाव्यात.

आता कराराविषयी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे मालक आणि दलाल सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. असा नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. चौघे मिळून सदनिका घेत असल्यास चौघांचीही नावे करारात घालावीत, नाहीतर ज्याचे नाव आहे तो सोडून गेला की बाकीचे उघड्यावर पडतात. डिपॉझिटची रक्कम, ती किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाची कपात आणि नोटिसीचा काळ करारात स्पष्ट लिहून घ्यावा आणि पैसे खात्यावरच पाठवावेत. योजनेच्या अर्जालाही हाच करार पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची सोय, चालवणारा भाड्यावर जीएसटी मागत असेल, तर जुलै 2024 पासून दरमहा माणशी 20,000 रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान 90 दिवसांच्या निवासाला तो माफ आहे, हे त्याच्या निदर्शनास आणावे. राहायला जाताना भिंती, पंखा, गादी आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत, आणि जागा सोडताना तेच फोटो पुन्हा काढून, नोटीस लेखी देऊन, किल्ली परत करण्याआधी डिपॉझिटचा हिशेब लिहून घ्यावा.