खोलीतला दमटपणा घालवताना या चुका टाळा

कोकणात जन्म काढलेल्या माणसाला दमटपणाविषयी काही सांगावे लागत नाही, असे मला पूर्वी वाटत असे. परंतु दर आषाढात नातेवाईक आणि शेजारी तेच ते प्रश्न घेऊन येतात आणि तो समज खोटा पाडतात. चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, कपाट उघडले की कुबट वास येतो, गादी हाताला गार लागते, आणि प्रत्येकाला त्यावर संध्याकाळपर्यंत गुण येईल असा उपाय हवा असतो.

सर्वांत आवडीने केली जाणारी चूक म्हणजे भर पावसात खिडक्या उघड्या ठेवणे. ‘हवा खेळती राहू दे’ हा सल्ला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच खरा ठरतो आणि जुलैमध्ये रत्नागिरीत ती तशी क्वचितच असते. माझ्या मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी चांगला महागडा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारे यंत्र, घेतला आणि आठवडाभर तो मला रोज फोन करून यंत्राने किती पाणी काढले ते सांगत होता. दिवसाला पाच-सहा लिटर म्हणजे यंत्र उत्तम, अशी त्याची समजूत होती. मी प्रत्यक्ष गेलो तेव्हा खोलीची एक खिडकी वीतभर उघडी होती, कारण बंद खोलीत त्याला कोंदट वाटत असे, आणि माझ्या पिशवीतल्या आर्द्रतामापकावर आकडा ८१ टक्के होता. तो आठवडाभर बाहेरचा पावसाळा बादलीत भरत होता.

हिशेब साधा आहे. दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत, ३० अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला, हवेत सुमारे ८८० ग्रॅम पाणी असते. ती आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणायची तर त्यातले जेमतेम तीनशे ग्रॅम, म्हणजे दीड पेला पाणी काढावे लागते. पहिले दोन-तीन दिवस गाद्या, कपडे आणि भिंती आपल्या पोटातली ओल सोडतात म्हणून टाकी लवकर भरते, हे खरे. पण त्यानंतरही ती भराभर भरत राहिली, तर कौतुक करत न बसता पाणी कुठून येत आहे ते शोधावे. मेहुण्याची खिडकी बंद केली, दाराखालच्या फटीत जुने धोतर गुंडाळून सारले आणि दुसऱ्या संध्याकाळी आकडा ५९ वर आला. यंत्रामुळे खोली थोडी तापते, त्याची तक्रार तो अजून करतो.

याच हिशेबाने कपड्यांकडे पाहावे. मशीनमधून पिळून निघालेल्या एका वेळच्या कपड्यांत दोनएक लिटर पाणी सहज असते, आणि ते कपडे दोरीवर टाकून वर पंखा लावला, तर ते सगळे पाणी खोलीच्या हवेत येते. पंखा अंगावरचा घाम वाळवतो, हवेतले पाणी कमी करत नाही.

वाटीत मीठ ठेवण्याचा उपाय मला दर वर्षी कोणीतरी नव्याने सुचवते. साधे मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच, त्यामुळे कितीही वाट्या मांडल्या तरी खोली त्याखाली येणार नाही. मिठाचा मला एकच उपयोग ठाऊक आहे : चमचाभर मीठ किंचित ओले करून आर्द्रतामापकासोबत घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवले, की सकाळी काटा ७५ च्या आसपास दिसला पाहिजे. मापक नसताना उपाय करत सुटणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कपडे वाळवू नयेत, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. गॅसची शेगडीही नको. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटे जागा सोडावी.

आता भिंत. गणपतीपूर्वी घर रंगवण्याची आपल्याकडे घाई असते, आणि नेमकी त्याच वेळी भिंत वर्षातली सर्वांत ओली असते. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. मीही एका वर्षी रंगाऱ्याच्या भरवशावर देवघराच्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग दिला, आणि गौरी येईपर्यंत त्यावर लिंबाएवढे फुगे आले. त्यातला एक टाचणीने फोडला तर पाण्याची धार लागली. आतला रंग बाहेरून येणारे पाणी अडवत नाही, फक्त त्याची बाहेर पडण्याची वाट अडवतो, आणि मग पोपडे निघतात.

भिंत ओली दिसली की मी आधी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तिच्यावर बसवतो आणि दोन दिवस थांबतो. पाण्याचे थेंब कागदाच्या खोलीकडच्या अंगाला आले तर दोष हवेतल्या बाष्पाचा, आणि भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतून येत आहे. दोन दिवस थांबायला सांगितले की बहुतेकांचा चेहरा उतरतो, पण चुकीच्या रंगाचे पैसे द्यायला ते तयार असतात. आमच्या देवघरात थेंब भिंतीकडे होते. पन्हळीचा सांधा सुटून सगळे पाणी त्या भिंतीवर पडत होते आणि छज्ज्याच्या वर एक चीर होती. वैशाखात भिंत पुरती वाळल्यावर दोन्ही कामे बाहेरून करून घेतली, आणि ती खरोखर कोरडी राहते की नाही हे पाहण्यासाठी एक अख्खा पावसाळा तिला रंग दिला नाही. त्या गणपतीत मखराच्या मागची ती उघडी भिंत कोणाच्या लक्षातही आली नाही.