कुंडीतली जुनी माती बियांसाठी वापरताय? या चुका टाळा

मृग तोंडावर आला की सोलापुरात गच्चीच्या कोपऱ्यातली पोती बाहेर निघतात. गेल्या हंगामातल्या टोमॅटो-वांग्याच्या कुंड्यांची माती, उन्हाळाभर तापून कोरडीठाक झालेली. तीच ट्रेमध्ये भरायची, मिरचीचं बी टाकायचं आणि काही उगवलं नाही की बियाण्याला बोल लावायचा, असं बऱ्याच घरी चालतं. बियाण्याचा दोष दर वेळी नसतो. ही माती फेकून देऊ नका, पण आहे तशी वापरूही नका.

कोरड्या मातीवर वरून पाणी ओतणं

सगळ्यात जास्त बी इथेच वाया जातं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण पार वाळलं की पाणी शोषायचं सोडून ते बाहेर ढकलतं. आपण झारीने पाणी घालतो, ते कडेच्या फटीतून खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. वरून माती काळी, ओली दिसते. बोट खुपसून बघा, अर्ध्या इंचाखाली धूळच असते. बी नेमकं तिथेच पडलेलं असतं.

आधी परीक्षा घ्या. ताटलीत चिमूटभर माती पसरून वर पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल होऊन तसाच बसून राहिला, तर ती माती थेट ट्रेमध्ये भरू नका. घमेल्यात घ्या आणि ज्वारीच्या पिठात जसं बेताबेताने पाणी घालून मळतात, तसं कोमट पाणी घालत हाताने कालवा. ढेकळं फोडा, वर ओलं पोतं टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मूठ आवळून बघा: गोळा झाला पाहिजे, बोट लावलं की फुटला पाहिजे, आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच. मगच बी टाका. त्यानंतरचं पाणी शक्यतो खालून द्या. परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवला की माती हवं तेवढं ओढून घेते.

ऊन लागलं म्हणजे माती शुद्ध झाली असं समजणं

मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. एवढ्या उन्हात कुठली बुरशी टिकणार, असं वाटणं साहजिक आहे. पण कोरड्या मातीत बुरशीचे बीजाणू निवांत पडून राहतात. त्यांना मारते ती ओली उष्णता. कोरडी माती गच्चीवर पसरून ठेवली, तर सोलापूरचं एवढं ऊन फुकट जातं, याचं फार वाईट वाटतं.

एप्रिलच्या मध्यापासूनच माती वाफशाला आणा, प्लॅस्टिकवर चार-सहा इंचांचा थर पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा विटांनी घट्ट दाबा. चार ते सहा आठवडे उघडू नका. वरचं प्लॅस्टिक काळं नको, ते स्वतःच तापतं आणि ऊन आत पोचू देत नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) घालायचा तर हे सगळं झाल्यावर. आधी घातला तर तोही मरेल.

हे का करायचं? दोन पानांवर आलेलं रोप मातीलगत पाणचट, बारीक होऊन आडवं पडतं ते पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही.

जुन्या झाडाच्या मुळांना गाठी होत्या का, तेही आठवा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. ती माती रोपांसाठी घेऊच नका, झेंडूच्या कुंडीला द्या. मर रोगाने सुकून गेलेल्या टोमॅटोची मातीही रोपांना नको.

पांढरा थर आणि जास्तीचं खत

बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरी खपली धरते, ते क्षार. कोवळं मूळ त्यांनी करपतं. खपली खरवडून टाका आणि उरलेली माती भोकाच्या बादलीत भरून भरपूर गोड पाणी आरपार जाऊ द्या. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या घरात हे जड जातं. मग पहिल्या मोठ्या पावसात ती बादली उघड्यावर ठेवा.

बियांना खताची घाई नसते. दोन भाग चाळलेली जुनी माती, एक भाग नवं कोकोपीट, एक भाग गांडूळ खत पुरे. कच्चं शेणखत नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. आपली काळी माती शेतात कितीही चांगली असली तरी ट्रेमध्ये आवळते आणि वर कडक पापुद्रा धरते.

साठवण

खताची रिकामी पोती उन्हात फाटून त्यांचे धागे मातीत मिसळतात. झाकणाचा डबा घ्या, सावलीत, विटांवर ठेवा. चिंब माती बंद करू नका, आंबूस वास येतो. आलाच तर दोन दिवस सावलीत पसरा.

तरीही उगवलं नाही, तर एक बी उकरून बघा. कडक, जसंच्या तसं असेल तर पाणी पोचलेलं नाही. मऊ होऊन कुजलं असेल तर पाणी जास्त झालं. फुगलंय पण मोड नाही, आणि ट्रे तापलेल्या स्लॅबवर आहे? टोमॅटोचं बी ३५ अंशांच्या वर नीट उगवत नाही. ट्रे जाळीखाली हलवा आणि नवं बी टाका.