‘त्रान्सफुगा’ म्हणजे नुसता पळपुटा नव्हे: या चुका टाळा

लॅटिन-इंग्रजी शब्दकोशात ‘देसेर्तोर’ काढा किंवा ‘त्रान्सफुगा’, दोन्हींपुढे ‘डेझर्टर’, म्हणजे सैन्यातून पळालेला, हा अर्थ दिलेला असतो. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

रोमन कायद्यात मात्र यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. सम्राट जस्टिनियनने 533 साली लागू केलेल्या ‘डायजेस्ट’ या कायद्याच्या संकलनाच्या 49व्या भागात मोदेस्तिनुस या कायदेपंडिताची व्याख्या आहे: बराच काळ भटकून जो आपणहून छावणीत परततो तो ‘एमान्सोर’, दीर्घकाळ भटकल्यावर ज्याला धरून आणावं लागतं तो ‘देसेर्तोर’. त्रान्सफुगा या दोघांत बसत नाही. तो थेट शत्रूला जाऊन मिळतो. म्हणून कायदा त्याला शत्रूच मानतो आणि दिसेल तिथे मारायची मुभा देतो. मराठीत देसेर्तोरला पळपुटा म्हटलं तर चालेल. त्रान्सफुगाला ‘फितूर’ जवळचा वाटतो, पण फितूर माणूस आपल्याच गोटात राहूनही फितुरी करू शकतो. मी सरळ ‘शत्रूला मिळालेला’ असंच लिहिते. अडलंच तर वाक्यात ‘आद होस्तेस’, म्हणजे ‘शत्रूंकडे’, असं काही आहे का ते बघा.

दुसरी चूक स्पॅनिश शिकणाऱ्यांची. शेवटी ‘आ’ आला की स्त्रीलिंग, हे इतकं घोटून घेतलेलं असतं की पुरुषासाठी ‘त्रान्सफुगो’ असा शब्द परस्पर तयार होतो. खरं तर ‘घोडा’, ‘राजा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला आकारान्त पुल्लिंगाचं नवल वाटायला नको! लॅटिनमध्ये शेतकरी ‘आग्रिकोला’ आणि खलाशी ‘नाउता’ पुल्लिंगीच आहेत. स्पॅनिशमध्ये पुरुष ‘एल त्रान्सफुगा’, स्त्री ‘ला त्रान्सफुगा’. इटालियनमध्ये अनेकवचनात मात्र फरक पडतो: पुरुष ‘त्रान्सफुगी’, स्त्रिया ‘त्रान्सफुगे’.

आता सगळ्यात पसरलेला गैरसमज. फ्रेंच ‘त्रांसफ्यूज’, पोर्तुगीज ‘त्रान्सफुगा’, रोमेनियन ‘त्रान्सफुग’ एवढे सारखे दिसतात, म्हणजे ते लॅटिनमधून लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आले असणार, असं वाटतं. उलट, इतकं साम्यच संशयास्पद आहे. बोलीतून आलेल्या शब्दांत ‘न्स’मधला ‘न’ गळतो: लॅटिन ‘मेन्सा’चं स्पॅनिशमध्ये ‘मेसा’ झालं. खुद्द ‘त्रान्स’चं स्पॅनिशमध्ये ‘त्रास’ आणि फ्रेंचमध्ये ‘त्रे’, म्हणजे ‘खूप’, झालं. पळणं या अर्थाचं ‘फुगेरे’ स्पॅनिशमध्ये घासून ‘उईर’ उरलं. एवढी झीज जवळपास न होता हा शब्द टिकला, कारण विद्वानांनी तो नंतर ग्रंथांतून उचलला. घराण्याचा तक्ता काढताना त्याला दत्तक दाखवा, औरस नको.

भाषांतरात आणखी एक खड्डा आहे. आजच्या स्पॅनिश बातमीतला त्रान्सफुगा बहुतेक वेळा सैनिक नसतो, पक्षांतर करणारा लोकप्रतिनिधी असतो. स्पेनमधल्या पक्षांनी 1998 मध्ये अशा पक्षांतराविरुद्ध करारही केला. पेरूमध्ये 2000 साली तिथल्या संसदेचे सदस्य आल्बेर्तो कौरी गुप्तचर यंत्रणेचे सूत्रधार मोन्तेसिनोस यांच्याकडून पैसे घेतानाची चित्रफीत टीव्हीवर झळकली, तेव्हा हा शब्द घरोघर पोचला. तिथे ‘पळपुटा’ लिहिलंत तर बातमीचा अर्थच हरवेल. आपला ‘आयाराम-गयाराम’ तिथे फिट्ट बसतो. फ्रेंच ‘त्रांसफ्यूज द क्लास’मध्ये तर पक्षांतराचा संबंधच नाही. कष्टकरी घरातून शिकून वरच्या वर्गात गेलेल्या माणसाला तसं म्हणतात, आणि 2022 च्या नोबेलविजेत्या फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांच्याबद्दलच्या लेखांत तो हमखास भेटतो.

उच्चाराचं थोडक्यात: स्पॅनिश आणि इटालियनमध्ये जोर ‘त्रान्स’वर द्या, ‘फु’वर नाही.