दूरच्या मोटारसायकल प्रवासात जादा पेट्रोल नेताना या चुका टाळा

सोलापूरहून मोटारसायकलवर लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या सामानात कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक सोलापुरी चादर आणि मागच्या कॅरिअरला बांधलेला पाच लिटरचा पेट्रोलचा कॅन या चार गोष्टी हमखास दिसतात. पहिल्या तीन गोष्टींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कॅनबद्दल मात्र आहे, कारण जिथे त्याची गरज नसते तिथे तो काठोकाठ भरलेला असतो, आणि जिथे खरोखर गरज पडते तिथे पोहोचेपर्यंत त्यातले पेट्रोल गळून तरी गेलेले असते किंवा जुने तरी झालेले असते. पेट्रोलची सुरक्षित जागा म्हणजे गाडीची टाकी. कॅन हा ठरावीक पंपहीन टप्प्यापुरता तात्पुरता उपाय आहे, हे लक्षात न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

पहिली चूक निघण्याआधीच होते. पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो. तुळजापूर, धाराशिव, बीडकडून येणारा महामार्ग पुढे विजयपूरला जातो. पुणे सुमारे अडीचशे, हैदराबाद सुमारे तीनशे आणि विजयपूर जेमतेम शंभर किलोमीटर. या रस्त्यांवर पंप इतक्या जवळजवळ आहेत, की काटा रिझर्व्हवर आल्यावरही गाडी ढकलण्याची वेळ सहसा येत नाही. अशा रस्त्यावर भरलेला कॅन बाळगणे म्हणजे जवळजवळ चार किलोंचे ज्वालाग्राही ओझे विनाकारण पाठीमागे बांधून हिंडणे होय. लडाखला जायचे असले तरीही कॅन सोलापुरातून रिकामाच न्यावा आणि पंपहीन टप्पा सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या पंपावर भरावा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघे मित्र अजिंठ्याकडे निघालो होतो. कॅन खडखडू नये म्हणून मी त्याला चादर गुंडाळून तो सॅडल बॅगेवर करकचून आवळला होता. येडशीच्या पुढे पेट्रोलचा वास येऊ लागला, तो पुढच्या ट्रकचा असावा असे म्हणून आम्ही सोडून दिला. चहासाठी थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने आधी गाडी भट्टीपासून लांब न्यायला लावली आणि मगच चहा दिला. बुचातला रबरी वायसर फुगून वाकडा झाला होता, झिरपलेले पेट्रोल सुती चादरीने वातीसारखे शोषून घेतले होते आणि तिथून ते बॅगेत उतरून थेट चटणीपर्यंत पोहोचले होते. चादर तीनदा धुऊनही तिचा वास गेला नाही; चटणी तर फेकूनच द्यावी लागली. कॅनभोवती कापड, पोते, टॉवेल काहीही गुंडाळू नये हा धडा त्या दिवशी मिळाला. कापडामुळे गळती थांबत नाही, ती फक्त लपते.

गळतीचे मूळ कारण मात्र कापड नसून उष्णता होते. तापमान दहा अंशांनी वाढले, की पेट्रोलचे आकारमान साधारण एक टक्क्याने वाढते. पहाटे वीस-बावीस अंशांना भरलेले पाच लिटर पेट्रोल दुपारी बेचाळीस अंशांवर गेले, तर त्याला सुमारे शंभर मिलिलिटर जागा जास्त लागते, शिवाय वाफेचा दाब निराळाच. म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार लिटरपेक्षा जास्त पेट्रोल भरू नये. गाडीच्या टाकीलाही हाच नियम लागू होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली, की पेट्रोल खालच्या नळीतून ठिबकू लागते, आणि बीएस-६ गाड्यांमध्ये वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये द्रव पेट्रोल जाऊन तो निकामी होऊ शकतो.

डोंगरात उष्णतेऐवजी उंचीचा त्रास होतो. मनाली–लेह रस्त्यावर तंडीचा पंप सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे आणि पुढची बारालाचा खिंड सुमारे ४,९०० मीटरवर. एवढ्या चढात बाहेरचा हवेचा दाब जवळजवळ पाव हिश्शाने घटतो, त्यामुळे तंडीला घट्ट बंद केलेला प्लॅस्टिकचा कॅन खिंडीत पोहोचेपर्यंत ढोलासारखा फुगतो. तो पाहून घाबरून बूच एकदम उघडणे ही आणखी एक चूक. थांबल्यावर, इंजिन गार झाल्यावर, तोंड दुसरीकडे करून बूच पाव आटा फिरवावे, फुसफुस थांबू द्यावी आणि मगच पूर्ण उघडावे.

कोणता कॅन आणि कायदा काय म्हणतो

पाण्याची रिकामी बाटली, खाद्यतेलाचा पाच लिटरचा डबा, कीटकनाशकाचा धुतलेला कॅन हे तीनही प्रकार मी महामार्गावर पाहिले आहेत. पाण्याच्या बाटलीचे बूच वाफेचा दाब धरण्यासाठी बनवलेलेच नसते. तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा किंवा प्लॅस्टिक कॅरिअरच्या दांडीवर घासून शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये भोक पडते. कीटकनाशकाच्या कॅनबद्दल न बोललेलेच बरे.

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, परंतु ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे. ते भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरपेक्षा आणि धातूचे असल्यास पंचवीस लिटरपेक्षा मोठे नसावे, अशी अट आहे. या कलमात प्लॅस्टिकचा उल्लेख नाही. मोटारसायकलवर काच नेण्याचा विचारही कोणी करू नये, तेव्हा इंधनासाठीच बनवलेला, आटे असलेल्या बुचाचा धातूचा कॅन हा सर्वांत निर्धोक पर्याय उरतो. पंपावरचा कर्मचारी बाटलीत पेट्रोल द्यायला नकार देतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नये; तो आपल्या भल्याचेच सांगत असतो.

कॅन भरताना तो गाडीवर बांधलेला असू नये, खाली जमिनीवर ठेवावा. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत साठते. कॅन जमिनीवर टेकलेला आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेले असेल, तर तिला वाट मिळते आणि ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत पसरते. त्यामुळे कोणी दहा पावलांवर सिगारेट ओढत असेल, तर ते अंतर पुरेसे आहे असे समजू नये.

किती न्यायचे, हा हिशेब

बहुतेक जण अंदाजाने कॅन निवडतात. हिशेब मात्र सोपा आहे. तंडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक वर्षानुवर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांत दिसत आला आहे. तेरा लिटर टाकीची रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घेतली आणि सोलापूर–पुणे रस्त्यावर ती पस्तीसचे अ‍ॅव्हरेज देत असली, तरी मागे माणूस, दोन बॅगा, खडी चढण आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चाल धरून सत्तावीसच मोजावे. तेरा गुणिले सत्तावीस म्हणजे ३५१. म्हणजे टाकी कोरडी केली तरी गाडी पोहोचत नाही. त्यात रस्ता बंद पडून मागे फिरणे, वाट चुकणे यांसाठी अंतरात वीस टक्के वाढ धरली, की ४३८ किलोमीटर होतात आणि त्यांना सव्वासोळा लिटर लागते. टाकीतले तेरा वजा केले, तर सव्वातीन लिटर जादा हवे. म्हणजे पाच लिटरचा एकच कॅन पुरतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटर लटकवणे हा निव्वळ फोटोसाठीचा थाट झाला. रस्त्यावर नवे पंप होतात, जुने बंद राहतात, म्हणून निघण्याआधी ताजी चौकशी करावी, पण हिशेबाची रीत तीच ठेवावी.

अ‍ॅव्हरेज कंपनीच्या जाहिरातीवरून धरू नये. टाकी भरून, सामान लादून तुळजापूर–धाराशिव असा एक फेरा मारावा, परत त्याच पंपावर टाकी तेवढीच भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. मध्ये बालाघाटचा चढ येतो, त्यामुळे सपाट रस्त्यापेक्षा खरा आकडा हाती लागतो.

बांधताना

पाच लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पावणेचार किलो असते. ते मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर बांधले, तर पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल थरथरू लागते. कॅन शक्य तितका खाली आणि गाडीच्या मध्याकडे असावा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून कॅन डावीकडे घ्यावा आणि समतोलासाठी उजवीकडे तेवढ्याच वजनाचे, न पेटणारे सामान ठेवावे. हूक असलेली लवचीक दोरी प्रत्येक खड्ड्यात ताणली जाते आणि कॅन हळूहळू सरकत बेंड पाइपकडे, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीकडे येतो. त्यापेक्षा बकल असलेले दोन न ताणणारे पट्टे चांगले. पत्रा जिथे लोखंडाला टेकतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून कॅनच्या खालून हात फिरवून पाहावा, ओलसर लागला तर पुढे जाऊ नये. आम्ही येडशीला एवढेच केले असते, तर चटणी तरी वाचली असती.

ओतताना आणि ओतल्यानंतर

टाकी पूर्ण रिकामी होण्याची वाट पाहू नये. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. वारंवार कोरडी टाकी चालवल्याने तो लवकर बिघडतो. कॅनमधले पेट्रोल मावेल एवढी जागा टाकीत झाली, की थांबून ते ओतून टाकावे. मुख्य म्हणजे अपघात झालाच, तर कॅन भरलेला नसतो. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे गार होऊ द्यावे, गाडी सरळ उभी करावी आणि जाळीचे नरसाळे वापरावे. नरसाळे विसरल्यास वर्तमानपत्राची पुंगळी करून ओतणारे लोक आहेत. अर्धे पेट्रोल गरम इंजिनावर सांडते, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मित्राच्या गाडीतून नळीने पेट्रोल काढताना तोंडाने ओढणे हा सर्वांत वाईट प्रकार. थोडेसे जरी श्वासाबरोबर फुप्फुसात गेले, तरी गंभीर दाह होऊ शकतो. पोटात गेल्यास मुद्दाम उलटी करवू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. थेट दवाखाना गाठावा. हाताने दाबायचा सायफन पंप थोड्या पैशांत मिळतो.

ओतल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर लगेच प्लग खोलू नये. इंजेक्शनच्या गाडीत चावी दोन-तीनदा चालू-बंद करून दर वेळी पंपाची घरघर थांबू द्यावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिनिटभर थांबावे, म्हणजे खालची वाटी भरते. किक मारून मारून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला असेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सुरू करावी. हँडलवरचा किल स्विच, म्हणजे इंजिन तोडणारे बटण, बंदच राहिला आहे का, हेही पाहावे; यात लाजण्यासारखे काही नाही. टाकीखाली पेट्रोलची तोटी, म्हणजे कॉक असलेल्या गाडीत तो रिझर्व्हवरून पुन्हा ‘ऑन’वर आणायला विसरलात, तर पुढच्या वेळी गाडी पूर्वसूचना न देता थांबेल.

सुरू झालेली गाडी आचके देत असेल, तर कॅनमधून पाणी किंवा गंज आला असण्याची शक्यता मोठी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी जास्त झाले, की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात. म्हणून गेल्या दिवाळीचे पेट्रोल या उन्हाळ्यात वापरू नये. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तळाचा अंश एखाद्या डब्यात काढला, की बहुधा गाडी सुधारते. आणि काही किलोमीटर गेल्यावर गाडी बंद पडत असेल, थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘फुस्स’ असा आवाज करत हवा आत गेली, तर दोष पेट्रोलचा नसून झाकणातले श्वासाचे छिद्र बुजल्याचा आहे.

गाडी रेल्वेच्या पार्सलने उत्तरेत पाठवून तिथून प्रवास सुरू करणाऱ्यांनी टाकी आणि कॅन दोन्ही पूर्ण रिकामे करावेत. रेल्वेत पेट्रोल नेणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सामानाच्या बॅगेत ‘अर्धा लिटरच तर आहे’ म्हणून ठेवलेली बाटलीही त्यातच येते.

परत आल्यावर रिकामा कॅन बूच घट्ट लावून माळ्यावर टाकण्याची सवय मला अनेक घरांत दिसते. भरलेल्या कॅनपेक्षा अशा रिकाम्या कॅनची मला जास्त धास्ती वाटते, कारण त्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळून राहिलेली असते आणि खाली स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो. तळाशी उरलेले पेट्रोल गटारात न ओतता गाडीच्या टाकीत घालावे आणि कॅन दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत, सावलीत उघडा ठेवावा. आमचा कॅन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पालथा असतो, आणि त्याचे बूच नव्या वायसरसह गाडीच्या टूल बॉक्समध्ये.