पोरांना रोज रात्री गोष्ट कशी सांगायची (दमलेल्या आईबाबांसाठी)

रात्री साडेनऊला लेक "बाबा, गोष्ट" म्हणते आणि आपलं डोकं अजून ऑफिसातच असतं, मग यूट्यूब लावून देतो. मीपण बरेच महिने हेच केलं. आता जमतंय, म्हणून लिहितोय.

नवीन गोष्ट शोधत बसू नका. चिऊताई-कावळा रोज चालते, खरंच रोज. कावळ्याचं घर शेणाचं, चिऊताईचं मेणाचं, पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं, एवढंच तर आहे! सगळी मजा दारावर. पलंगाच्या लाकडावर बोटाने खरंच टकटक करा, "चिऊताई चिऊताई दार उघड", मग चिऊताई बाळाला अंघोळ घालणार, तीट लावणार, झोपवणार... इथे अजिबात घाई नको. तीट गालाला का कपाळाला, बोटाला राहिलेलं काजळ कुठे पुसलं, ते पोरांनाच विचारा, दोन दिवसांत ती चिऊताई होतात आणि तुम्ही नुसते भिजलेला कावळा. भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच, वाघाऐवजी सोसायटीतला कुत्रा आणला तरी चालतो, पण "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" मधला एक टुणुक खाल्लात की लगेच पकडतात.

खूप दमला असाल तर बिनधास्त छोटी करा. श्रावणातली कहाणी संपवताना आजी म्हणायचीच ना, "ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण", म्हणजे काटछाटीची परवानगी आधीपासूनच आहे 😀 सुरुवात मात्र ठरलेली ठेवा. आमच्याकडे "आटपाट नगर होतं" म्हटलं की लाईट बंद.

कधीतरी स्वतःची फजिती सांगा, ती सगळ्यात जास्त चालते. मी चौथीत डबा बसमध्ये विसरलो ती गोष्ट आमच्याकडे सुपरहिट आहे, कारण डब्यात शेपू होती आणि मी तो मुद्दाम विसरलो होतो (आईला अजून माहीत नाही).

आणि तात्पर्य सांगू नका प्लीज. "म्हणून बघ, आपण नेहमी..." सुरू केलं की पोरगं कूस बदलतं.

परवा मी टकटक केली, "चिऊताई चिऊताई दार उघड", तर लेकीने पटकन दार उघडलं. म्हटलं अगं, बाळाची अंघोळ? तर म्हणे, "नंतर घालते, तो भिजतोय ना." आता पुढे काय सांगायचं ते मलाच सुचेना, शेवटी कावळ्याला टॉवेल दिला आणि झोपलो.