‘दिवाळखोर जाहीर करू’ असा फोन आला तर

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कलेक्शन एजन्सीत, म्हणजे बँकांची थकलेली कर्जं वसूल करणाऱ्या कंपनीत, मी टेलिकॉलर होते. हप्ता चुकून महिना झालेला नसला की ‘गुड मॉर्निंग सर’, तीन हप्ते थकले की आवाज चढवायचा, आणि राइट-ऑफ झालेल्या (बँकेने बुडीत धरलेल्या) जुन्या खात्यांसाठी ठेवणीतले शब्द: लीगल, वॉरंट, एनसीएलटी, इन्सॉल्व्हन्सी. “आपको दिवालिया डिक्लेअर कर देंगे, नौकरी जाएगी, घर सील होगा.” थकबाकी किती, तर अठरा हजार. कधी सहासुद्धा.

आधी या धमकीत किती दम आहे ते बघू. एनसीएलटी हे कंपन्यांचं न्यायाधिकरण. तिथे कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करायलाही २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो आजवर लागू झालाय तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून इंग्रजांच्या काळातले कायदे आहेत: मुंबईत १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा.

या जुन्या कायद्यांत धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, अर्ज करायला थकबाकी फक्त पाचशे रुपये लागते! रक्कम तेव्हाची आहे, कुणी बदललीच नाही. त्यामुळे एखादा हुशार एजंट कलम दाखवून तुम्हाला गप्प करू शकतो. पण पुढचं तो वाचत नाही. नुसतं कर्ज थकलं म्हणजे माणूस दिवाळखोर होत नाही. तुम्ही मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर फिरवली, धनकोंना चुकवायला परागंदा झालात, कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी तुमची मालमत्ता विकली गेली, असं काहीतरी सिद्ध करावं लागतं. अर्ज मुंबईत हायकोर्टात, बाहेर जिल्हा न्यायालयात. वकील धनकोच्या खर्चाने, आणि जे हाती लागेल ते सगळ्या धनकोंत वाटून जाणार. अठरा हजारांसाठी हा उद्योग कोण करेल? आमच्या फ्लोअरवर अशी फाइल कोर्टात गेलेली मी एकही पाहिली नाही.

फोनवर वाद घालू नका. टेलिकॉलरला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: पीटीपी, म्हणजे ‘अमुक तारखेला भरतो’ हा शब्द. तो मिळाला की त्याचा दिवसाचा आकडा भरतो, आणि ती तारीख चुकली की पुढच्या फोनला जोर येतो. तारीख देऊच नका. नाव, एजन्सी आणि कुठल्या बँकेसाठी बोलताय हे विचारा, कॉल रेकॉर्ड करा आणि म्हणा, “लेखी पाठवा, मी बँकेशी बोलते.” फोन ठेवा.

मग त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. एजन्सीला करून काही होत नाही. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. मजकूर साधा ठेवा:

“कर्ज खाते क्रमांक अमुक. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नंबरवरून आलेल्या कॉलमध्ये मला दिवाळखोर जाहीर करण्याची धमकी देण्यात आली. कृपया मुद्दल, व्याज आणि दंड वेगळे दाखवणारं खात्याचं स्टेटमेंट आणि नेमलेल्या वसुली एजन्सीचं नाव लेखी कळवावं. यापुढे संपर्क लेखीच करावा.”

रिझर्व्ह बँकेचे वसुलीचे नियम हाताशी असू द्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत, नातेवाइकांना-मित्रांना त्रास नाही, धमकी नाही, आणि खोटी, दिशाभूल करणारी माहिती देणंही नाही. दिवाळखोरीची थाप या शेवटच्यात बसते. (मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाला वेळ आणखी कमी, ९ ते ६.) ‘एजन्सीने केलं, आम्हाला माहीत नाही’ हे बँकेचं उत्तर चालत नाही, जबाबदारी तिचीच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (तिच्या तक्रारींच्या वेबसाइटवर) फुकट तक्रार करता येते. चौकशीचा नंबर १४४४८.

आता ज्याला खरंच घाबरावं ते. दिलेला चेक परत गेला आणि नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने बाउन्स झाला, तर त्यालाही तसाच कायदा आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी दारात येतो. तिथे कोर्टाची वाट बघावी लागत नाही, म्हणून पतसंस्थेचा कागद बाजूला टाकू नका.

व्हॉट्सॲपवर आलेली ‘कोर्ट नोटीस’ खरी की खोटी हे ई-कोर्ट्स ॲपमध्ये नावाने किंवा सीएनआर नंबरने (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) शोधून कळतं. खरं समन्स असेल तर वकील गाठा, लेखी म्हणणं द्यायला साधारण तीस दिवस असतात. गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होतो. साध्या लोकअदालतीच्या (‘कायम लोकअदालत’ वेगळी) नोटिशीला मात्र दचकू नका, तिथे तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही.

‘सद्भावना म्हणून फक्त पाचशे टाका’ ही युक्ती जुन्या खात्यांवर हमखास चालते. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा सहीनिशी थोडे पैसे भरलेत, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुदत टळून गेल्यावरही ‘मी फेडेन’ असं सही करून दिलंत तर कर्ज पुन्हा जिवंत होतं. भरायचं असेल तर सगळ्याचा हिशोब ठरवून भरा.

कर्ज घेतलंय तर फेडायला हवं, याबद्दल माझा वाद नाही. जुन्या खात्यावर तडजोड बहुतेक होते, आणि महिन्याच्या शेवटी टार्गेट भरायचं असतं तेव्हा सूटही जास्त मिळते. तडजोडीचं पत्र कंपनीच्या अधिकृत मेलवरून घ्या. त्यात अंतिम रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही बाकी नाही’ हे तिन्ही हवं. पैसे थेट कर्ज खात्यात, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मग एनओसी, म्हणजे कर्ज मिटल्याचं ना-हरकत पत्र, मागा.

तडजोडीने क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढची काही वर्षं गृहकर्जाला आडवा येतो. थोडी ओढाताण करून पूर्ण भरता आलं तर ‘क्लोज्ड’ येतं. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने वर्षाला एक रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. पैसे भरल्यावर दोनेक महिन्यांनी तो काढून बघा. नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती मागा. तीस दिवसांत झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हा नियम २०२४ पासून आहे आणि फार थोडे लोक ती मागतात.