मृगाआधी पॉवर टिलरचा सायलेन्सर उघडून बघा

चिखलणीच्या दिवसांत पॉवर टिलरचे 12-13 अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे डिझेल इंजिन तासन्‌तास पूर्ण जोरावर चालते. ते खाचरात बंद पडले तर मिस्त्री मिळेपर्यंत रोपवाटिकेतल्या भाताचे वय वाढत जाते. म्हणून तपासणी रोहिणी नक्षत्रातच उरका.

ऑइल बदलले की सर्व्हिसिंग झाले, असे बरेच जण धरून चालतात. सायलेन्सरकडे मात्र कोणी बघत नाही. उभ्या यंत्राच्या उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. शिवाय इंजिन भाराशिवाय नुसते चालू ठेवले, तर अर्धवट जळालेल्या डिझेलची तेलकट काजळी आत साचते. वाट अरुंद झाली की धूर मागे दाबला जातो, सिलिंडरमध्ये ताजी हवा कमी येते, जोर घटतो, इंजिन तापते. मग दोष नोझलला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला) दिला जातो.

सायलेन्सरच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाका. गंजलेला नट जोर लावून फिरवला की स्टड तुटतो आणि पाच मिनिटांच्या कामाला वर्कशॉप गाठावे लागते. इंजिन पूर्ण गार असतानाच सायलेन्सर काढा. लाकडी हातोडीने चोहोबाजूंनी ठोका, तारेने आतली काजळी मोकळी करा आणि झटकून टाका. घट्ट थर असेल तर रात्रभर डिझेलमध्ये बुडवा. मात्र नंतर पूर्ण निथळून, उन्हात वाळवूनच बसवा, नाहीतर आत राहिलेले डिझेल पेट घेऊ शकते. पॅकिंग दरवेळी नवे घाला. जोडाभोवती काळे डाग दिसले तर तिथून धूर गळतोय असे समजा. सायलेन्सर कुजून भोक पडले असेल तर बदला. गरम धुराचा झोत जवळच्या पट्ट्याला किंवा डिझेलच्या नळीला लागू देऊ नका.

दुसरे दुर्लक्षित ठिकाण म्हणजे एअर क्लिनर. ऑइल-बाथ प्रकारात (वाटीतल्या तेलात धूळ अडकते तो) वाटीतला गाळ काढा, जाळी डिझेलमध्ये धुऊन निथळा आणि नवे इंजिन ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरले तर ते इंजिनात ओढले जाते आणि निळा धूर येतो. कोरड्या जमिनीत नांगरताना हे काम रोज करावे.

इंजिन ऑइल गरम असतानाच काढा, म्हणजे गाळही निघतो. प्रत आणि माप पुस्तिकेप्रमाणे ठेवा. डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा काढायला विसरू नका.

भार दिल्यावर सतत काळा धूर येत असेल तर हवेची वाट किंवा नोझल, निळा असेल तर ऑइल जळते आहे. सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, त्याची चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही तर हेड पॅकिंग तपासून घ्या.

बंद शेडमध्ये इंजिन चालू करून तपासणी करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यंत्र धुताना सायलेन्सरच्या नळीत चिंधी कोंबा, आणि इंजिन सुरू करण्याआधी ती काढा. ती राहून गेल्यामुळे सुरू न होणारे टिलर दर जूनमध्ये दुरुस्तीला येतात.